आमचे युद्धपट बहिरे का?

यंदाच्या प्रजासत्ताकदिनी सायंकाळी आमच्या येथील महाराष्ट्र मंडळात एक हिंदी युद्धपट दाखविण्यात आला. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण मला जे म्हणावयाचे आहे ते एका चित्रपटाविषयी नसून त्याच्या साऱ्या कुळाविषयी आहे. बदलीच्या गावी आपली माणसे एकत्र येण्याची निमित्ते थोडी. त्यामुळे रेल्वे, टपाल, आयकर, लेखापरीक्षा अशा नाना खात्यांतील बहुतेक मराठी कुटुंबे मुलाबाळांसह आली होती. अडीच तास सभागृहाच्या भिंती हादरत होत्या. चित्रपट संपला, टाळ्या झाल्या, जयघोष झाला आणि मंडळी चहाकडे वळली.

मागच्या रांगेत एक वृद्ध सुभेदार बसले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते निवृत्त झाले, आणि मुलाच्या नोकरीमुळे सातारा सोडून इकडे येऊन राहिले आहेत. मी त्यांच्या हाती कप देऊन विचारले, "काय सुभेदारसाहेब, कसा वाटला?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चांगला हाय, साहेब. पर बँड लई वाजला. आमी रातच्या रात नुस्तं ऐकत पडायचो. तवा असं वाजत असतं, तर आमाला कायबी ऐकू आलं नसतं."

पुढे चार-सहा जणांची जी चर्चा झाली तीत मी सुभेदारांचीच बाजू घेतली, आणि माझा पराभव झाला. पराभूत पक्षाला मासिकाच्या पानांचा आश्रय घेण्याची मुभा असते, ती मी घेत आहे. माझा आरोप स्पष्ट शब्दांत असा आहे : आमचे युद्धपट बहिरे आहेत. त्यांना वाजविता येते. ऐकता येत नाही. युद्धातील ताण हा मुख्यत्वे कानांनी अनुभवावयाचा असतो. तो ताण बाजूला सारून त्यांनी आम्हांला जे शौर्य दाखविले, ते सैनिकाचे शौर्य नव्हे. ते वाजंत्र्यांचे शौर्य होय.

हे विधान अतिरेकी वाटेल, म्हणून प्रथम रणांगणाचाच विचार करू. चित्रपटातील सैनिकाला सारे दिसते, कारण ते आपणांस दाखवावयाचे असते. खऱ्या सैनिकाला फारच थोडे दिसते. तो खंदकात असतो, झुडपाआड असतो, धुरात असतो. आणि पुष्कळदा रात्र असते. अशा वेळी त्याचे सारे अस्तित्व कानांत गोळा होते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. रायफलीची गोळी त्याच्या दुपटीहूनही अधिक वेगाने येते. म्हणून गोळी जवळून गेल्याचा फटकारा आधी ऐकू येतो आणि बंदूक उडाल्याचा दबका आवाज मागाहून. या दोहोंमधील अंतरावरून शत्रू किती दूर आहे हे जाणता सैनिक ताडतो. एक किलोमीटरवरील तोफेचा भडका दिसल्यावर तिचा आवाज पोहोचावयास तीन सेकंद लागतात, आणि त्या तीन सेकंदांत माणसाच्या मनात काय काय होऊन जाते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. आमच्या चित्रपटांत मात्र भडका आणि धडाका नेहमी एकाच क्षणी होतात. तीन सेकंदांची ती प्रतीक्षा, म्हणजे नेमके जे नाट्य, तेच कात्रीखाली जाते.

लोंगेवालाचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या घराघरांत माहीत आहे. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. राजस्थानच्या वाळवंटातील एका ठाण्यावर पंजाब रेजिमेंटच्या तेविसाव्या पलटणीची एक कंपनी, सुमारे १२० माणसे, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली होती. शत्रूचे रणगाडे येत आहेत हे प्रथम कोणाच्या डोळ्यांना दिसले नाही. सीमेवर गस्त घालणाऱ्या तुकडीला पलीकडून यंत्रांची घरघर ऐकू आली. मध्यरात्रीनंतर हल्ला झाला. जैसलमेरच्या तळावर हंटर विमाने होती, पण त्यांना रात्रीच्या अंधारात लढता येत नव्हते. म्हणजे त्या माणसांनी संध्याकाळपासून एका आवाजाच्या भीतीने आणि मध्यरात्रीपासून दुसऱ्या आवाजाच्या आशेने रात्र काढली : आधी रणगाड्यांची घरघर, आणि शेवटी पहाटेच्या आकाशातून येणारी विमानांची घरघर. प्रत्यक्ष इतिहासानेच इतकी नेटकी ध्वनिरचना हाती दिली असता कलावंताने आणखी काय मागावे?

१९९७ च्या 'बॉर्डर'ने ही लढाई लोकांपर्यंत पोहोचविली, याचे श्रेय जे. पी. दत्तांना दिलेच पाहिजे. परंतु तो चित्रपट पाहिलेल्या कोणासही विचारा, तुमच्या कानांत काय उरले आहे? उत्तर ठरलेले आहे : गीते आणि गर्जना. वाळवंटातील रात्रीची शांतता कोणाच्या कानांत उरली आहे काय? दूरची घरघर वारा आहे की रणगाडा, हा जीवघेणा संशय कोणी घरी घेऊन आला आहे काय? मी तरी असा माणूस पाहिलेला नाही.

आता ताण म्हणजे काय, ते पाहू. काहीतरी घडणार हे कळावे, पण काय, कोठून आणि केव्हा ते कळू नये, या अवस्थेला ताण म्हणतात. डोळा माणसाला एकदम पुरते सांगून टाकतो. कान अर्धवट सांगतो. अंधारात वाळलेले पान मोडले, इतकेच कान सांगेल. ते कुत्र्याने मोडले की माणसाने, हे तो सांगणार नाही. शिवाय डोळे मिटून घेता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून भयाचा मार्ग कानांतून जातो. पार्श्वसंगीत या मार्गावर चौकीदार बसवावा तसे येऊन बसते. ढोल सुरू झाले की प्रेक्षकाने समजावे, आता हल्ला होणार. सनईसारखे काही करुण वाजू लागले की ओळखावे, आता हा पोरगा मरणार. तुताऱ्या लागल्या की विजय झाला. सारे आधीच कळते. ज्या प्रेक्षकाला पुढचे सारे कळले आहे त्याला भय कसले वाटणार? तो खुर्चीत मागे रेलून बसतो आणि तारखेप्रमाणे येणाऱ्या वेतनासारखा विजय येण्याची वाट पाहतो.

इतरत्र काय घडले आहे ते पाहू. बोलपट जन्माला येऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९३० मध्ये, लुइस माइलस्टोनने 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा चित्रपट केला. पहिल्या महायुद्धात शाळेच्या बाकांवरून उठून गेलेल्या जर्मन मुलांची ती कथा. त्या काळी ध्वनी ही नवी नवलाई होती. वाजवून घेण्याचा मोह कोणालाही झाला असता. माइलस्टोनने पार्श्वसंगीत जवळजवळ वापरलेच नाही. जमिनीखालच्या भुयारात मुले बसली आहेत, वर तोफांचा मारा चालला आहे, छतातून माती गळते आहे, आणि तो मारा थांबत नाही. पडद्यावर म्हणण्यासारखे काही घडत नाही. केवळ आवाज चालू राहतो, आणि हळूहळू कोवळ्या पोरांचा धीर सुटू लागतो. शत्रू दिसलेलाच नाही. युद्ध काय असते ते प्रेक्षकाला तेथे प्रथम कळते. साधनांच्या बाल्यावस्थेत हे साधले, हे ध्यानात ठेवावे.

वोल्फगांग पेटरसनचा १९८१ चा 'दास बोट' तर संपूर्णपणे कानांचा चित्रपट आहे. दुसऱ्या महायुद्धातील एक जर्मन पाणबुडी. आत पन्नासएक माणसे, आणि वर समुद्रावर तिचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश विनाशिका. पाणबुडीला खिडकी नसते. आतील माणसांना शत्रू दिसणे शक्यच नाही. जलध्वनी ऐकण्याचे यंत्र कानांना लावून बसलेला एक तरुण, तेवढाच साऱ्या बोटीचा डोळा. वरून शोधयंत्राचा टिंग असा बारीक आवाज पाण्यातून येतो आणि बोटीच्या पोलादावर आपटतो. माणसे कुजबुजतात, मग कुजबुजणेही थांबवितात, आणि सारी डोकी वर, न दिसणाऱ्या शत्रूकडे वळतात. खोल पाण्याच्या दाबाने बोटीचे अंग कण्हू लागते. पोलादी खिळे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. पाहणारा स्वतःचा श्वास रोखून धरतो, जणू त्याच्या श्वासाचा आवाज विनाशिकेला ऐकू जाईल. आणि ही माणसे कोणाच्या बाजूची? हिटलरच्या आरमाराची. ज्यांच्या विजयाची आपण कधीही इच्छा करणार नाही, त्यांच्यासाठी आपला घसा कोरडा पडतो. ही किमया कोणत्याही राष्ट्रगीताने साधली नसती.

स्टीव्हन स्पीलबर्ग हा काही संगीताचा शत्रू नव्हे. त्याच्या चित्रपटांतील संगीत जगभर गुणगुणले जाते. तरीही १९९८ च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील उतरणीचा जो सुमारे पंचवीस मिनिटांचा प्रसंग आहे, त्यात वाद्याचा एक सूर नाही. पाणी, लोखंड, गोळ्या आणि माणसांच्या किंकाळ्या. मध्येच कॅप्टनच्या कानांजवळ स्फोट होतो आणि आपल्यालाही ऐकू येईनासे होते. एक दबलेली, पाण्याखालच्यासारखी पोकळी उरते. त्या पोकळीत तो आपली माणसे पाहतो. पुढे शेवटच्या लढाईपूर्वी उद्ध्वस्त गावात सैनिक ग्रामोफोनवर एदित पियाफचे गाणे ऐकत बसले आहेत. गाणे चालू असतानाच खालून, जमिनीतून, काहीतरी घरघरू लागते. रणगाडा अजून दिसलेला नाही. पण चेहरे बदलतात. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असून त्याला दोन्ही लढायांत गप्प बसविणे, याला मी दिग्दर्शकाचे धैर्य म्हणतो.

रशियन दिग्दर्शक एलेम क्लिमोव याचा १९८५ चा 'कम अँड सी' बेलारूसच्या एका मुलाची कथा सांगतो. नाझी सैन्याने त्या प्रदेशातील ६२८ गावे माणसांसकट जाळली, असे तो चित्रपट अखेरीस बजावतो. बाँबवर्षावानंतर त्या मुलाच्या कानांत जो नाद बसतो तो आपल्याही कानांत बसतो. पुढचे कितीतरी बोलणे आपणांस त्या नादाआडून अर्धवट ऐकू येते. आकाशात एक टेहळणीचे विमान पुनःपुन्हा घोंगावत राहते. ते बाँब टाकीत नाही, खाली येत नाही, केवळ घोंगावते. पण तेवढ्याने मन कुरतडले जाते, कारण त्याचा अर्थ आपणांस एव्हाना कळलेला असतो.

या साऱ्यावर आमच्या मंडळातील मित्रांनी जे आक्षेप घेतले ते प्रामाणिकपणे मांडतो आणि त्यांची उत्तरे देतो.

पहिला आक्षेप एका वरिष्ठ आणि रसिक मित्राचा. ते म्हणाले, "आपला प्रेक्षक संगीतात वाढला आहे. नाटकही आपण गात गात केले. त्याला सुकी शांतता कशी रुचेल?" मला हा आक्षेप मोठा वाटतो, आणि त्याचे उत्तर संगीत नको असे नाही. चेतन आनंदांचा 'हकीकत' १९६४ चा. १९६२ च्या युद्धाची जखम ओली असताना लडाखच्या उघड्या भूमीवर केलेला. त्यात थकलेले, मागे सरणारे सैनिक घराची आठवण काढतात, आणि मदनमोहनच्या चालीवर चार कंठ एकामागून एक गातात. ते गाणे मला उपरे वाटत नाही. ते वाट पाहणाऱ्या माणसांच्या मनातून येते, आणि ते संपल्यावर ती भूमी पूर्वीपेक्षा अधिक ओसाड वाटते. संगीत शांततेला गडद करीत असेल तर ते यावेच. तक्रार आहे ती शांततेला जागाच न देणाऱ्या संगीताविरुद्ध.

याहून पुढे जाऊन एक उदाहरण देतो. त्याच 'ऑल क्वाएट'ची नवी आवृत्ती एडवर्ड बर्गरने २०२२ मध्ये केली. तिचा संगीतकार फोल्कर बेर्टेलमान. त्याने आपल्या पणजीची जुनी पेटी दुरुस्त करून घेतली, आणि तिच्यातून तीन सुरांची एक खर्जातली आरोळी काढली. त्या संगीताला ऑस्कर मिळाले. मित्रहो, पेटी! जिच्यावर आपले आजोबा नाट्यपदे आळवीत होते, त्याच कुळातले वाद्य. ते तीन सूर येतात, थांबतात आणि पुन्हा बराच वेळ येत नाहीत. ते कोणाला शूर ठरवीत नाहीत की कोणासाठी रडत नाहीत. कारखान्याचा भोंगा वाजावा तसे वाजतात. ख्रिस्तोफर नोलानच्या २०१७ च्या 'डंकर्क'मध्ये हान्स झिमरचे संगीत तर जवळजवळ अखंड आहे. पण त्यात घड्याळाची टिकटिक आहे, आणि सतत चढतच आहे असा भास देणारी, प्रत्यक्षात कोठेच न पोहोचणारी एक स्वररचना आहे. ते संगीत भावना सांगत नाही. वेळ संपत चालला आहे एवढेच सांगते. आणि सूर मारणाऱ्या जर्मन विमानांचा भोंगा, जो त्या विमानांना मुद्दाम माणसांचे काळीज फाडण्यासाठीच बसविलेला होता, तो आला की किनाऱ्यावरची माणसे आधी ऐकतात, मग वर पाहतात, मग आडवी होतात. हा क्रम पाहा. आमच्या चित्रपटांत माणसे आधी आडवी होतात. ऐकण्याचे काम वादकांवर सोपविलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक भाबडा : युद्ध हीच गोंगाटाची गोष्ट आहे, मग युद्धपट गोंगाटी असला तर बिघडले काय? उत्तर सुभेदारांनी आधीच दिले आहे. युद्धात गोंगाट असतो हे खरे. पण दोन गोंगाटांच्या मध्ये तासन् तास, दिवसेंदिवस ऐकत पडणे असते. शिवाय सततचा मोठा आवाज काही काळाने मोठा वाटेनासा होतो, हे गिरणीशेजारी बदली होऊन राहिलेल्या कोणाही गृहस्थाला विचारावे. धडाका धडाका वाटावा म्हणून त्याआधी शांतता लागते. पोवाडा गाणारा कसलेला शाहीर हे जाणतो. निर्णायक प्रसंगी तो डफावरचा हात उचलतो, तुणतुणे मंद होते, आणि नुसत्या बोलीतल्या दोन वाक्यांवर साऱ्या सभेचे प्राण कानांत येतात; मग डफावर थाप पडते. हे शिकावयास आम्हांला हॉलिवूडपर्यंत जाण्याची आवश्यकता नव्हती.

तिसरा आक्षेप साधनांचा. आपल्याकडे तसे तंत्रज्ञ कोठे आहेत, असे एकाने विचारले. एके काळी या म्हणण्यात तथ्य होते. कित्येक दशके आपल्याकडे चित्रीकरणाच्या जागेवरचा आवाज टाकून देऊन संवाद मागाहून ध्वनिगृहात बसवून घेण्याची प्रथा होती. संवादांबरोबर त्या जागेचा वारा, पाऊल, दूरचे कुत्रे, हेही नाहीसे होत. आणि उरलेल्या पोकळीत वाद्ये भरली जात. या सवयीने आपला कान बिघडला, असे माझे मत आहे. परंतु २००१ च्या 'लगान'ने जागेवरच ध्वनिमुद्रण करून ही रूढी मोडली. २००९ साली रसूल पुकुट्टी यांनी 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठी ऑस्कर स्वीकारले. आणि २०१९ च्या 'उरी'ला पार्श्वसंगीत आणि ध्वनिरचना या दोहोंसाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तेव्हा आता कसबाची सबब चालणार नाही. कसब आहे, क्षणभर गप्प राहण्याची छाती नाही. प्रेक्षक चुळबुळेल, हे भय निर्मात्याला शत्रूच्या तोफेहून मोठे वाटते.

चौथा आक्षेप मात्र मला गंभीर वाटला, आणि खरे तर त्याच्यासाठीच हा लेख आहे. एक तरुण अधिकारी थोडे तावातावाने म्हणाले, "युद्धपट हा राष्ट्राचा उत्साह वाढविण्यासाठी असतो. भय दाखवून आपल्याला काय साधावयाचे आहे?" त्यांनी 'उत्साह' हा शब्द वापरला, म्हणून मी भरतमुनींकडे वळतो. वीररसाचा स्थायिभाव उत्साह, हे त्यांचे म्हणणे खरे. पण त्याच भरताने भयानक रस वेगळा सांगितला आहे, आणि त्याची कारणे मोजताना विकृत आवाजाला अगदी आरंभीच स्थान दिले आहे. संग्राम, अरण्य आणि ओसाड घर ही त्याच मालिकेत येतात. म्हणजे संग्राम ही भयाचीही भूमी आहे, हे आपल्या शास्त्राला ठाऊक होते. भय वाटत असूनही जो जागा सोडीत नाही, त्याच्या उत्साहाला काही मोल आहे. ज्याला भय वाटलेच नाही, त्याने जागा सोडली नाही यात विशेष ते काय? भय पुसून टाकल्याने सैनिक मोठा होत नाही. त्याने जे जिंकले त्यातील अर्धे आपण चोरून घेतो. लोंगेवालाच्या त्या १२० माणसांना रात्रभर भय वाटले नसेल, असे मानणे हा त्यांचा गौरव नव्हे.

'ध्वनी' या शब्दाचा आणखी एक अर्थ आपणां साहित्यप्रेमी मंडळींना परिचित आहे. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवले की, जे शब्दाने सरळ सांगितले जात नाही, सुचविले जाते, तो ध्वनीच काव्याचा आत्मा होय. 'दास बोट'मधील ती टिंग, 'कम अँड सी'मधील ते घोंगावणे, हे त्या अर्थानेही ध्वनी आहेत. त्यांत मृत्यू सांगितलेला नाही, सुचविलेला आहे. आमच्या युद्धपटांचे पार्श्वसंगीत मात्र सारे वाच्यार्थाने सांगून टाकते, आणि काही उरलेच असेल तर नायक ते छातीवर हात मारून ओरडतो. कवितेत जो दोष आपण क्षणभर सहन करणार नाही, तो पडद्यावर राष्ट्रप्रेमाच्या नावाखाली का सहन करावा?

कोणी म्हणेल, चित्रपटाच्या आवाजावरून एवढे रण कशासाठी माजवावे? याचे कारण त्या सभागृहातील पुढच्या रांगा. तेथे आमची मुले बसली होती, आठ ते पंधरा वर्षांची. त्यांनी युद्ध पाहिलेले नाही आणि देव करो, पाहू नयेत. त्यांना युद्ध ठाऊक आहे ते एवढेच : वाजंत्री सुरू होते, आपले लोक धावतात, तुताऱ्या वाजतात. त्यांतली काही उद्या आपल्यासारखीच कचेऱ्यांत बसतील; कोणाच्या सहीने माल सीमेवर जाईल, कोणाच्या सहीने हुतात्म्याच्या पत्नीचे निवृत्तिवेतन सुरू होईल किंवा एखाद्या टाचणासाठी अडेल. ज्याने आयुष्यात एकदाही, अंधाऱ्या सभागृहात का होईना, त्या खंदकातल्या माणसाच्या कानांनी ऐकलेले नाही, तो त्या कागदावरचे नाव कसे वाचील? आणि ज्या नागरिकांच्या कानांवर केवळ ढोल पडले आहेत, ते युद्धाची मागणी लग्नाच्या वरातीची मागणी करावी तशी करू लागले तर नवल नाही. सैनिकाविषयीचा आदर खरा असावा असे वाटत असेल, तर त्याचे भयही आपण वाटून घेतले पाहिजे.

आणि आपण तर पावनखिंडीचे वारस म्हणवितो. ती कथा ज्या रूपाने आपल्या लहानपणी आजीने सांगितली तिचे स्मरण करा. १६६० सालचा आषाढ, पाऊस, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली वाट, आणि घोडखिंडीत उभे असलेले बाजीप्रभू. परंपरा सांगते की राजे गडावर पोहोचल्याची इशारत तोफेने व्हावयाची होती, आणि तो आवाज कानी पडेपर्यंत बाजींनी प्राण धरून ठेवला. आजी सांगत असे तेव्हा आपण तलवारींचा खणखणाट विसरत होतो. आपणही बाजींबरोबर तोफेकडे कान लावून बसत होतो. ती थांबत असे, चुलीतले लाकूड पुढे सारीत असे, आणि आपण म्हणत असू, "मग? वाजली का?" मराठी मनातली सर्वांत प्रिय युद्धकथा ही एका आवाजाची वाट पाहण्याची कथा आहे. तिचे वारस म्हणविणाऱ्यांनी तरी ढोलांनी समाधान मानू नये.

मंडळाच्या कार्यकारिणीस माझी एक नम्र सूचना आहे. पुढच्या खेपेस 'दास बोट' आणावा. मुले समजण्याच्या वयाची असतील तर त्यांनाही आणावे, आणि लहानांना घरी ठेवावे. भ्रमणध्वनी बंद असावेत, आणि हिवाळा असल्यास पंखेही बंद ठेवावेत, म्हणजे पाण्यातून येणारी ती टिंग सर्वांना नीट ऐकू येईल. सुभेदारसाहेबांना या वेळी मागच्या रांगेत बसवू नये. चित्रपट संपल्यावर लगेच टाळ्या वाजल्या नाहीत, तर सचिवांनी कार्यक्रम फसला असे समजू नये. चहा थोडा उशिरा द्यावा, आणि सुभेदारसाहेब काही बोलू लागलेच तर सर्वांनी ऐकून घ्यावे.